कबुलीजबाब आणि तपास : रहस्यकथेतील रिकामी खुर्ची

साहित्याच्या चर्चेत हिंगोलीचे नाव निघते ते बहुधा नर्सीच्या संत नामदेवांमुळे किंवा औंढ्याच्या विसोबा खेचरांमुळे. ते योग्यच आहे. परंतु हिंगोलीचा साहित्याशी आणखी एक संबंध आहे आणि त्याची आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही. फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची छावणी आहे, छावणीचा बाजार आहे आणि त्या बाजारापासून थोड्याच अंतरावर पुरलेली माणसे आहेत.

टेलर सांगतो की हिंगोलीतला एक प्रतिष्ठित कापड व्यापारी हरिसिंग हाच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. खुद्द टेलरने त्याच्याशी व्यवहार केले होते. या हरिसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन वाटेवर होता. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना वाटेतच मारले, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, तेही गंमत सांगावी तसे. लष्करी पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली जात आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात पुरली जात. माफीच्या साक्षीदारांनी त्या जागा एकेक करून दाखवल्या आणि त्या उकरल्या जात असताना आपण तेथे हजर होतो, असे टेलर लिहितो.

रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे आजही घेणाऱ्या हिंगोलीकराला हा मजकूर वाचून अंगावर काटा येतो. तो ओढा ज्या नदीला मिळत होता ती आपली कयाधूच असणार. हिंदुस्थानावर लिहिलेली पहिली गाजलेली गुन्हेगारी कादंबरी जिथून उगवली त्या मातीत हिंगोलीची माती आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मला मात्र येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. कादंबरीचा निवेदक हरिसिंग नाही, अमीर अली आहे. त्या नावाचा माफीचा साक्षीदार प्रत्यक्षात होता, त्यामुळे टेलरने ते नाव मुद्दाम निवडले असा आरोप मी करणार नाही. ठगांच्या टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि दोघेही भवानीचा कौल घेत असे टेलरच सांगतो. तेव्हा मला येथे धर्मवार हिशेब मांडायचा नाही. पाहायची आहे ती बैठक. एका बाजूला साहेब बसला आहे, दुसऱ्या बाजूला अमीर अली. अमीर अली बोलतो, साहेब ऐकतो आणि लिहितो. मधून मधून साहेब हळहळतो, दचकतो, पुढे सांग म्हणतो. आपण ७१९ माणसे मारली असे अमीर अली सांगतो. तो शूर आहे, देखणा आहे, प्रेमात पडतो, लहानपणी ठगांनीच त्याचे आईबाप मारलेले आहेत, आणि पुढे नकळत तो आपल्या सख्ख्या बहिणीचाही जीव घेतो. टेलर मोठा लेखक होता. अमीर अलीला त्याने राक्षस करून सोडले नाही, माणूस ठेवले. पण माणूस असला तरी तो कबुली देणारा माणूस आहे. त्या कादंबरीत तपास असा नाहीच. जे काही कळते ते कबुलीतून कळते.

हे केवळ कलेच्या सोयीसाठी नव्हते, त्या काळाचा कायदाच तसा होता. १८३६ च्या ठगीविषयक कायद्याने अमुक एक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरजच ठेवली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. आणि ते ठरायचे मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर. ठगी इंग्रजांनी वर्णन केली तशी खरोखर होती का, की बरीचशी त्यांच्या कचेऱ्यांतूनच उभी राहिली, यावर अलीकडच्या इतिहासकारांत मोठा वाद आहे. पण तो विषय वेगळा.

टेलरनंतर दोनच वर्षांनी, १८४१ साली, अमेरिकेत एडगर ॲलन पोने द्युपाँ नावाचा एक शोधक निर्माण केला. हा शोधक कुणाची कबुली घेत नाही. खिडकी पाहतो, खिळा पाहतो, साक्षीदारांच्या बोलण्यातली विसंगती पाहतो. आधुनिक रहस्यकथेचा आरंभ तेथून मोजतात. माझ्या मते रहस्यकथेचे साहित्यमूल्य काही असेल तर ते याच ठिकाणी आहे. कबुली पुरेशी नाही, पुरावा दाखवा, असे म्हणणारे ते साहित्य आहे. आपल्याकडचे टीकाकार तिला 'टाइमपास' म्हणून बाजूला सारतात तेव्हा हे त्यांच्या लक्षात येत नाही.

ही कथा आपल्या भाषांत आली ती अनुवादांतून आणि रूपांतरांतून, आणि प्रामुख्याने एका लेखकाच्या वाटेने. त्याचेही आडनाव योगायोगाने रेनॉल्ड्सच. हा हिंगोलीचा कॅप्टन नव्हे, लंडनचा लोकप्रिय कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. मराठीत गो. ना. दातारांनी त्याची कथानके घेऊन 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशा कादंबऱ्या रचल्या आणि दोन पिढ्या त्यांवर पोसल्या. उर्दूत तीरथराम फिरोजपुरींनी रेनॉल्ड्सपासून आर्सेन ल्युपाँपर्यंत इतके अनुवाद केले की अनुवाद हाच त्यांचा धंदा झाला. 'उमराव जान अदा' लिहिणारे मिर्झा हादी रुस्वा यांनीसुद्धा पोटासाठी सनसनाटी कादंबऱ्यांची रूपांतरे केली. पोलीस अधिकारी असलेल्या जफर उमर यांनी १९१६ मध्ये 'नीली छतरी' लिहिली, ती ल्युपाँच्याच वळणाची. या सगळ्याचा शोध घेणारे चौधरी मुहम्मद नईम यांचे उर्दू गुन्हेगारी कथेवरचे इंग्रजी पुस्तक २०२३ मध्ये आले. दातारांपासून आजवरच्या मराठी रहस्यकथेवर त्या तोलाचे पुस्तक अजून व्हायचे आहे.

मराठवाड्यातल्या मुसलमान घरात या दोन्ही वाटा एकाच ओसरीवर येऊन मिळत. आजोबांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले, वडिलांचे अर्धे उर्दूतून आणि १९४८ नंतर अर्धे मराठीतून, नातवाचे सारे मराठीतून. आमच्याकडे दादांच्या उशाशी 'जासूसी दुनिया' असे आणि माझ्या दप्तरात झुंझार. दादांना दिसेनासे झाल्यावर अब्बा त्यांना वाचून दाखवीत. प्रकरण संपवून अब्बा थांबले की आतून दादीचा आवाज येई, "रुक्या कायकू? आगे क्या हुआ सो पढ." मला उर्दू लिपी येत नव्हती. मी उर्दू रहस्यकथा कानांनी वाचली आणि मराठी डोळ्यांनी. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा अनुभव असाच असेल.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातले नारा हे गाव. मूळचा कवी, असरार नारवी या नावाने गझला लिहिणारा, आणि टोपणनावाने विनोदी लेखन करणारा. उर्दूत अश्लील लिहिल्याशिवाय पुस्तक खपत नाही असे मित्रमंडळीत कुणी म्हणाले, त्यावर या गड्याने पैज घेतल्यासारखी 'जासूसी दुनिया' सुरू केली. अब्बास हुसैनी यांच्या निकहत प्रकाशनाने १९५२ च्या मार्चमध्ये 'दिलेर मुजरिम' हा पहिला अंक काढला. त्याच वर्षी लेखक कराचीला गेला, पण अलाहाबादचे प्रकाशन चालूच राहिले. एकच कादंबरी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना निघे. १९५५ पासून इमरान मालिका आली. १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे हा माणूस मानसिक आजाराने अंथरुणावर होता. तो बरा होऊन 'डेढ मतवाले' आली तेव्हा भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. १९८० मध्ये बावन्नाव्या वाढदिवशीच तो गेला. तोवर कादंबऱ्या झाल्या होत्या २४५.

या माणसाने काय केले? अमीर अलीची बैठक उलटी केली. कर्नल अहमद कमाल फरीदी टेबलाच्या त्या बाजूला बसला जिथे आजवर साहेब बसत होता. फरीदी खानदानी आहे, अबोल आहे, बढती नाकारणारा आहे, आणि कायद्यापुढे कुणाचीही भीड न ठेवणारा आहे. त्याच्यासोबत कॅप्टन साजिद हमीद, जो थट्टेखोर आहे, पोरीबाळींच्या मागे लागणारा आहे, पण वेळेला जिवावर उदार होणारा आहे. आणि इमरान तर सगळ्यांवर कडी. वरवर वेडपट आणि आतून सगळ्यांचा वरिष्ठ. या कथा कोणत्या देशात घडतात ते लेखक कधी स्पष्ट करीत नाही. शहराला नाव नाही. त्यामुळे हिंगोलीत ऐकणाऱ्या दादीला तो देश आपलाच वाटे आणि कराचीतल्या वाचकालाही तो आपलाच वाटत असणार. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत आपल्या नावाचा एक माणूस कायद्याच्या बाजूने, अधिकाराने, कुणाचीही परवानगी न मागता तपास करतो आहे, ही गोष्ट केवढी होती ते आज सांगूनही पटणार नाही. दादांना तत्कालीन राजकारणावर बोललेले आवडत नसे. पण फरीदीवर ते तासभर बोलत.

इब्ने सफीच्या मर्यादाही आहेत. सुरुवातीच्या काही कथानकांचे इंग्रजीतून घेतलेले उसने त्याने स्वतःच मान्य केले होते. झीरोलँड आणि संग ही यांच्या कथांत शास्त्र इतके पातळ होते की जादूटोणाच बरा वाटावा. आणि दर महिन्याच्या घाईत काही शेवट अगदीच गुंडाळलेले आहेत. पण त्याचे गद्य कधी सैल पडले नाही आणि विनोद कधी आटला नाही.

आता मराठीकडे येतो. बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९९६ मध्ये निवर्तले. झुंझार, काळा पहाड, धनंजय अशी माणसे त्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. पुस्तके हजाराहून अधिक. गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले. त्यांच्या रहस्यकथा बाराशेच्या पुढे. या आकड्यांचे आपल्याकडे कौतुक होते किंवा थट्टा होते. हिशेब कुणी करीत नाही. हजार पुस्तके चाळीस वर्षांत लिहायची तर वर्षाला पंचवीस, म्हणजे पंधरवड्याला एक. जो दर पंधरवड्याला एक कादंबरी देतो त्याला एका कादंबरीवर पोट भरता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ज्या उत्साहाने आपण त्याला विक्रम म्हणतो त्याच उत्साहाने गिरणीतल्या कामगाराच्या जादा पाळ्यांनाही विक्रम म्हणावे लागेल.

या धंद्याची रीत अशी होती की पुस्तक एकरकमी घेतले जाई. इतके फर्मे, इतकी पाने, इतके पैसे. आवृत्ती एक निघो की दहा, लेखकाचा संबंध संपला. पाने ठरलेली असल्याने कथानक त्या मापात बसवावे लागे. शेवटच्या फर्म्यात जागा कमी पडली की खलनायक एका परिच्छेदात पकडला जाई, आणि जागा उरली की पाठलाग लांबे. वाचक ज्याला लेखकाची शैली समजतो तिच्यात कागदाच्या भावाचाही वाटा असतो. हिंदीत मेरठ-दिल्लीचा कारभार थोडाफार असाच होता. सुरेंद्र मोहन पाठक १९६३ पासून कादंबऱ्या लिहीत होते आणि तरीही इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधली नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. जे शहाणे निघाले त्यांनी स्वतःच प्रकाशन काढले. इब्ने सफीने कराचीत असरार पब्लिकेशन्स काढले, वेदप्रकाश शर्मांनी मेरठमध्ये तुलसी पॉकेट बुक्स. मराठी रहस्यकथाकाराला ते जमलेले फारसे दिसत नाही. गुरुनाथ नाईकांच्या उतारवयातल्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ज्यांनी ही पुस्तके दिवसाच्या भाड्याने नेऊन वाचली त्यांच्यात मीही होतो. त्या भाड्यातला एक पैसाही लेखकाकडे जात नव्हता हे मला फार उशिरा कळले.

याचा आपल्याशी संबंध असा. घाईत लिहिणाऱ्याला तयार चेहरे लागतात. नवा माणूस घडवायला वेळ लागतो, वेळेचे पैसे मिळत नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांत तस्करीच्या बातम्या आल्या की रहस्यकथेत बंदरावरचा खान येई, अरब शेख येई, डोळ्यांत सुरमा घातलेला सुरेबाज येई. दुसऱ्या बाजूने इमानी ड्रायव्हर किंवा जिवाला जीव देणारा पठाण पहारेकरी येई. या लेखकांच्या मनात द्वेष होता असे मला कधीच वाटले नाही. अनेकदा तो पठाण पुस्तकातला सर्वांत प्रेमळ माणूस असे. पण गुन्हेगार असो वा इमानदार, खुर्चीवर तो नव्हता. सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) थोडे वेगळे केले. मंदार पटवर्धन आणि बॅ. अमर विश्वास यांच्या बरोबरीने फिरोझ इराणी आणि दारा बुलंद ही नावे त्यांनी नायकांना दिली आणि पुण्याच्या वाचकाने ती सहज स्वीकारली. नावे रुबाबासाठी निवडली असतील, त्यामागे सामाजिक विचार असेल असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मराठी वाचकाला अशा नावाचा नायक चालतो. अडचण वाचकाची नव्हतीच.

मग कुणाची होती? येथे हिंदीतला एक किस्सा फार बोलका आहे. 'जासूसी दुनिया' अलाहाबादहूनच हिंदीत निघू लागली तेव्हा कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला! त्याचा जाड्या मित्र कासिमही कासिमच राहिला. म्हणजे धाकटा, थट्टेखोर, मार खाणारा मुसलमान चालत होता. खुर्चीवर बसणारा मात्र बदलून घेतला. हे कुणी कट करून केले नाही. प्रकाशक मुसलमान होता, लेखक मुसलमान होता, हेतू खपाचा होता. बाजाराला काय चालेल याचा अंदाज प्रकाशकाने बांधला आणि तो अंदाजच पुढे अर्धे शतक खरा धरला गेला. हार्परकॉलिन्सने २००९ च्या सुमारास हिंदीत नव्याने ही मालिका काढली तेव्हा फरीदीला त्याचे नाव परत मिळाले. पुस्तके खपली, आभाळ कोसळले नाही. पुढे शम्सुर्रहमान फारूकींसारख्या उर्दूतल्या पहिल्या प्रतीच्या समीक्षकाने चार कादंबऱ्यांचे इंग्रजी भाषांतर केले, ते २०११ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्टने छापले. मराठीतला त्या दर्जाचा समीक्षक अर्नाळकरांना हात लावील काय?

आता ती भाड्याची दुकाने राहिली नाहीत. १९८३ साली 'श्वेतांबरा' दूरदर्शनवर आली, मग 'करमचंद', 'एक शून्य शून्य', १९९८ पासून 'सीआयडी'. जो वाचक संध्याकाळी पुस्तक नेत असे तो पडद्यापुढे बसला. भाड्याचे वाचनालय बंद पडले आणि त्याच्या जागी झेरॉक्सचे किंवा मोबाईलचे दुकान आले. उरली ती १९६७ च्या कायद्याने अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये. ती पुस्तके घेतात ती यादीवरून, सवलतीच्या दरात, आणि त्या यादीत रहस्यकथेला मान नसतो. प्रकाशकाचे गिऱ्हाईक वाचक होता तोवर त्याला वाचकाची ओढ कळत होती. गिऱ्हाईक ग्रंथालय झाल्यावर पुस्तक जाड झाले, किंमत वाढली आणि आवृत्ती लहान झाली. स्वस्त, पातळ, रेल्वेच्या डब्यात संपणारे पुस्तक मेले. हिंगोली दख्खन स्टेशनवरून मीटरगेजने पूर्णेला जाईपर्यंत एक झुंझार संपत असे. ब्रॉडगेज २००८ पर्यंत झाले, तोवर झुंझारही गेला होता.

नव्या वाटाही निघाल्या हे मान्य केले पाहिजे. २०१७ पासून स्टोरीटेल मराठीत आले आणि ऐकण्यासाठीच लिहिलेल्या रहस्यमालिका निघू लागल्या. दादीचे "आगे क्या हुआ सो पढ" आता कानात घालायच्या यंत्रात गेले म्हणायचे. मोबाईलवर प्रकरणाप्रकरणाने लिहिणारे लेखकही झाले. त्यांत शहराबाहेरची, तालुक्याची मुले-मुली आहेत ही आनंदाची गोष्ट. पण मला त्यांना एकच सांगावेसे वाटते. सही करण्याआधी कागद वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पूर्वीच्या लेखकांना हे संरक्षण नव्हते. पण करारात 'कायमचे' असा शब्द लिहून घेतला आणि तुम्ही सही केली, की ही तरतूद तुमच्या कामाची राहत नाही. माझ्याच एका अनुवादाच्या बाबतीत मी असा कागद न वाचता सही करून बसलो. आज तो अनुवाद कोणाच्या नावाने कुठे फिरतो आहे ते मला दुकानात पाहून कळते.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या लेखकांनी कविता लिहिली, आत्मकथने लिहिली, मुस्लिम संतकवींवर संशोधन केले, तलाकवर, दंगलींवर, गरिबीवर कथा लिहिल्या. त्याआधी, १९६५ मध्ये, हमीद दलवाईंचे 'इंधन' येऊन गेले होते. हे सारे आवश्यक होते. पण या लेखनाचा मोठा भाग साक्षीचा आहे हेही कबूल केले पाहिजे. आम्ही कसे जगतो, आम्ही कसे सोसले, आम्ही या मातीचे कसे आहोत. समोर कुणीतरी बसला आहे, तो ऐकतो आहे, आणि आम्ही सांगतो आहोत. टेलरच्या टेबलाची आठवण मला येथे होते. ती आठवण अन्यायाची आहे असे कुणी म्हणेल. मी स्वतः अशा साक्षी लिहिल्या आहेत, तेव्हा तो दोष माझाही आहे.

रहस्यकथा आपल्यापैकी कुणी लिहिली नाही असे नाही, पण तिला कुणी आपले मानले नाही. मुसलमान लेखकाने समाजाचे प्रश्न सोडून खुनाच्या गोष्टी लिहाव्यात काय, असा प्रश्न एका चर्चेत मला थेट विचारला गेला होता. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज देतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही हे तत्त्व १८७२ च्या साक्षीपुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते आहे, फक्त कलमाचा आकडा २३ झाला. ठगीच्या काळाशी तुलना केली तर केवढे अंतर कापले गेले ते दिसेल. मात्र १९९९ च्या मोक्का कायद्याने विशिष्ट दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुन्हा ग्राह्य केली. २००६ च्या मालेगाव बाँबस्फोटात मुस्लिम तरुणांना अटक झाली, कबुल्या झाल्या, त्या नाकारल्या गेल्या, तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. दहा वर्षे. या दहा वर्षांवर कविता झाल्या, लेख झाले, निदर्शने झाली. त्या कागदांत शिरून, कोणता साक्षीदार कुठे होता आणि कोणती वेळ जुळत नव्हती हे थंड डोक्याने मांडणारी एक कादंबरी मराठीत झाली असती तर ती समाजाचा प्रश्न सोडून लिहिलेली ठरली असती काय?

अशी कादंबरी लिहायला राग पुरत नाही. पंचनामा वाचता यावा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल समजावा लागतो, तहसीलची भाषा, ठाण्याची भाषा, बाजारसमितीची भाषा यावी लागते. आपल्या समाजात आज वकील आहेत, डॉक्टर आहेत, पोलीस खात्यात मुले-मुली आहेत. त्यांच्याशी बसून लिहिणारा लेखक हवा. आणि त्याला दर पंधरवड्याला एक कादंबरी द्यावी लागू नये. एका कादंबरीला दोन वर्षे देण्याइतके मोल कोण देणार, हा प्रश्न मात्र अर्नाळकरांच्या वेळी होता तसाच आहे.

विषय शोधायला त्याने दूर जायची गरज नाही. हरिसिंगाच्या प्रकरणात मारणाऱ्याचे नाव टेलरने लिहिले, परवाना देणाऱ्या साहेबाचे नाव लिहिले. मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याचे नाव मात्र लिहिले नाही, फक्त तो हिंगोलीजवळच्या एका गावचा होता एवढेच आहे. त्याच्या घरच्यांनी वाट पाहिली असेल, कुणाला तरी छावणीत चौकशीला पाठवले असेल. छावणीच्या बाजारात त्याचेच कापड गजावर मोजून विकले जात होते. तो परवाना कुणा मुन्शीने फारसीत किंवा हिंदुस्थानीत लिहिला असणार, त्यावर गाठोड्यांची संख्या, निघण्याचे ठिकाण, मालकाचे नाव घातले असणार. नावात आणि मालात काहीतरी जुळत नाही, हे त्या मुन्शीच्या लक्षात आले होते का?